फुंकणं, वाजवणं आणि सूनबाईचं इहिप

दिवाळी अंकाचे गृहस्थ घरी आले तेव्हा मी ओट्यावर बसून ट्रम्पेट चिंचेनं घासत होतो. ते म्हणाले, मास्तर, उभा जन्म बँडमध्ये घालवला, वरातींमधल्या गमती लिहून द्या. मी होय म्हटलं. माझी शाळा चौथीतच सुटली, पण अक्षर वळणदार आहे आणि दुसऱ्याकडून लिहून घेणं मला पटत नाही. चुका निघतील त्या माझ्या समजून तशाच छापा, एवढं बजावलं आणि त्यांना चहा पाजला.

लिहायला बसलो तर गमतींच्या आडवा एक शब्द येऊन बसला. रस्त्यात म्हैस बसते तसा. हाकला, ओरडा, उठत नाही. शब्द आहे इहिप. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. माझी सून फिलिपाईन्स देशाची आहे, तिच्या तागालोग भाषेतला तो शब्द. त्याचा अर्थ मला आज समजतो आणि उद्या हातातून सुटतो. म्हणून आधी तो शब्द बाजूला करतो. मग जागा उरली तर गमती.

पण त्याच्याही आधी माझा धंदा सांगावा लागेल. बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रम्पेटात एका बाजूनं फुंकलं की दुसऱ्या बाजूनं गाणं निघतं. तसं असतं तर चुलीपुढच्या सगळ्या बाया बँडमास्तर झाल्या असत्या. ट्रम्पेटात नुसती फुंक मारून पाहा. नळाला पाणी यायच्या आधी जसा आवाज येतो तसं फस्स होतं, बाकी काही नाही. वाजायला ओठ लागतात. दोन्ही ओठ मिटायचे, आवळायचे नाहीत आणि ढिलेही सोडायचे नाहीत, आणि त्या मिटलेल्या ओठांमधून हवा अशी काढायची की ओठ थरथरले पाहिजेत. बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज आधी ओठांचा होतो. पितळ फक्त तो आवाज मोठा करतं. वरचे तीन खटके दाबायला कोणीही शिकतो. ओठ शिकण्यात लग्नाचे कितीतरी हंगाम निघून जातात.

ओठांचा हा धंदा असल्यामुळं आमचे वैरी बसल्या जागी आमचं वाटोळं करू शकत. जऊळक्याला एका लग्नात नवरीकडच्या पोट्ट्यांनी बँडच्या समोर उभं राहून कच्च्या कैऱ्या खायला सुरुवात केली. मीठ लावून, मिटक्या मारत. ते पाहिलं की आमच्या तोंडाला पाणी सुटतं, ओठ घसरतात आणि सूर भलतीकडं जातो. माझा जोडीदार किसन, दुसरा ट्रम्पेट वाजवणारा, डोळे मिटून वाजवायला लागला आणि चालता चालता जाऊन पाण्याच्या टाक्यात पडला. वर काढल्यावर पहिलं वाक्य बोलला, "मास्तर, पोट्ट्याईले इचारा, मीठ उरलं का?"

आता फुंकणे या शब्दाशी माझं वैर का, ते सांगतो. माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावकीचं डफडं सोडलं. त्याच्या आधी कोणाच्याही दारात बोलावलं की जायचं, उन्हात उभं राहून वाजवायचं, वरून टाकतील ते खालून झेलायचं. बापानं ते डफडं एक दिवस फोडून चुलीत घातलं. आणि मी, त्याचा पोरगा, मोठा होऊन ट्रम्पेट घेऊन आलो. त्यानं ट्रम्पेटाकडं पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "आता त्याईच्या दारात फुंकाले चालला?"

मी त्याला खूप समजावलं. म्हटलं, बाबा, हा बँड आहे. अंगात लाल कोट आहे, डोक्यावर टोपी आहे. आधी सुपारी ठरते, मग आम्ही जातो. आम्हाला जेवायला पंगत मांडावी लागते आणि मास्तर म्हणावं लागतं. तो ऐकून घ्यायचा आणि कूस बदलायचा. मरेपर्यंत त्यानं माझी एकही वरात ऐकली नाही. तेव्हापासून मी एक नेम धरला. मला कोणी फुंक म्हटलेलं चालणार नाही. वाजवा म्हणायचं.

आसेगावला एका जमीनदाराच्या घरच्या लग्नात नवरदेवाचा काका रंगात आला होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "फुंक रे, जरा दमानं फुंक." मी ट्रम्पेट खाली केला आणि भर रस्त्यात मांडी घालून बसलो. मी बसलो म्हणून किसन बसला, किसन बसला म्हणून ढोलवाला बसला. घोड्यावर नवरदेव, मागं बाया, लग्नाची वेळ टळायला आलेली. काकाला कळेना काय बिघडलं. तो म्हणे, पाणी पायजे का? सरबत पायजे का? शेवटी नवरदेवाचा मामा वाकून म्हणाला, "मास्तर, वाजवा ना आता." मी उठलो. त्या काकाला आपलं काय चुकलं ते अजूनही माहीत नसेल. मी सांगितलंही नाही. आपण सांगायचं आणि मग त्यानं मान द्यायचा, याला काय अर्थ आहे?

पुढं डीजे आला, बँडच्या सुपाऱ्या आटल्या, लाल कोट ट्रंकेत गेले. माझ्या पोरानं, सुधाकरनं, ट्रम्पेटाला हात लावला नाही. तो एक्स-रे काढायचं शिकला आणि आखातातल्या एका दवाखान्यात नोकरीला लागला. तिथंच त्यानं लग्न केलं. कुठल्या तरी कचेरीत सह्या करून, ना बँड ना वरात. फोटो फोनवर आला. पोरगी गोरीपान, डोळे बारीक, हसरी. नाव जोसेलिन, त्याच दवाखान्यात नर्स. आमच्या केनवड गावानं ते नाव आठवडाभर चघळून ज्योत्स्ना करून टाकलं.

मी फोनवर सांगितलं, लग्न तुम्ही तिकडं केलं ते केलं, वरात इकडं निघेल. दुनियेच्या पोरांच्या वरातीत मी वाजवलं आणि माझ्या पोराच्या वरातीत माझा ट्रम्पेट नाही, हे मी चालू देणार नाही. सुधाकर टाळत राहिला. रजा मिळत नव्हती, मग ज्योत्स्नाला दिवस गेले, मग नात झाली. मी हट्ट सोडला नाही. शेवटी गेल्या हिवाळ्यात तिघं आले. नात माया चार वर्षांची झालेली. किसन म्हणाला, "मास्तर, तुमची नात आपल्याच बापाची करवली होते. असं लगन म्या कोठीच नाई पाह्यलं." मी म्हटलं, पाहून घे.

वरातीची तारीख धरली. किसनला, ढोलवाल्याला, ज्याला त्याला सांगावा गेला. कोट उन्हात टाकले. मी रोज शेताच्या बांधावर जाऊन ओठ तयार करू लागलो. आणि त्याच दिवसांत तो शब्द आमच्या घरात शिरला.

पहिल्यांदा शिरला तो ओट्यावर. दुपारी चांगला वारा सुटला होता. ज्योत्स्ना डोळे मिटून, केस मोकळे सोडून उभी होती आणि आपल्याच नादात म्हणाली, "इहिप नांग हांगिन." माझी बायको शेजारी तांदूळ निवडत होती. आमच्या वऱ्हाडात विहिरीला इहीर म्हणतात, हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांनी समजून घ्यावं. पुढचा शब्द तिनं कसा ऐकला असेल तो तुमचा तुम्ही लावा. बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. ती धावत माझ्याकडं आली.

"अवो, सून म्हनते इहिरीत हागीन."

मी म्हटलं, नीट ऐकलं का? ती म्हणे, दोन्ही कानांनं. विचारानं तिचं तोंड उतरून गेलं होतं. त्याईच्या देशात तशी रीत असन का, तिनं मला हळूच विचारलं. मला तरी काय माहीत. मग ती सुनेचा हात धरून तिला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि संडासाचं दार उघडून दाखवलं. ज्योत्स्नानं आत डोकावलं, छान आहे म्हणाली आणि परत आली. बायको दिवसभर विहिरीकडं नजर ठेवून होती. संध्याकाळी सुधाकरनं उलगडा केला. इहिप म्हणजे वाहणं, आणि तो दुसरा शब्द म्हणजे वारा. वारा वाहतोय, एवढंच ती बोलली होती.

पण मग दुसऱ्या दिवशी तोच शब्द ताटावर आला. मायाचं वरण गरम होतं, ज्योत्स्ना तिला म्हणाली, इहिप, इहिप. पोर फू फू करू लागली. म्हणजे वाऱ्याचं तेच आणि तोंडाचंही तेच? असेल, म्हटलं. मग मी मायाला हसवायला तोंड वाकडं केलं, एक डोळा बारीक, गाल फुगवलेला. बँडवाल्याचे गाल, लहान पोरांना ते फार आवडतात. पोर खिदळली आणि तिनंही तसंच तोंड केलं. तर ज्योत्स्नानं तिला दटावलं आणि त्या दटावणीत पुन्हा तोच शब्द निराळ्या वेषात, "माहिपान". मी सुधाकरला विचारलं. तो म्हणाला, त्यांच्याकडं म्हणतात, तोंड वाकडं करून दाखवू नये, तेवढ्यात वारा फुंकून गेला तर ते तसंच राहतं.

मी हसलो. आम्ही भूतखेत, बाहेरवसा काही मानत नाही. हसलो ते मला आठवतं, कारण तेव्हा मला दोन्ही बाजूंनी हसता येत होतं.

वरातीला आठवडा राहिला असेल. सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडात राहीना. उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळू लागलं. मला वाटलं, झोप उतरली नसेल. चहा घेतला, तोही गळाला. बायको भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं.

"अवो, तुमचं तोंड कुठी चाललं?"

आरशात पाहिलं. अर्धं तोंड माझं होतं, अर्धं कुणीतरी ओढून खाली सोडलेलं. उजवा डोळा मिटत नव्हता. बायकोनं तिथंच कपाळावर हात मारला. अंगावरून वारं गेलं म्हणाली. आमच्याकडं लकव्याला असंच म्हणतात. आवाज ऐकून ज्योत्स्ना बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नाहिपान."

त्याचा अर्थ आता मला कोणी सांगायची गरज नव्हती. वारा फुंकून गेला. माझी बायको रिसोडच्या पलीकडं फारशी गेलेली नाही. ही पोरगी समुद्रापलीकडच्या बेटावरची. बायकोला तिच्या भाषेतलं काही कळत नाही, तिला आमची जेमतेम येते, आणि माझं तोंड पाहून दोघी एकच बोलल्या. हे कसं काय, याचा विचार मी त्या वाकड्या तोंडानिशीसुद्धा करत होतो.

मग मात्र ज्योत्स्नातली नर्स जागी झाली. तिचं मराठी फोनवर सासूकडून आणि घरात नवऱ्याकडून उचललेलं, आणि मायाशी बोलताना पक्कं झालेलं, त्यामुळं ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते. म्हणाली, "बाबा, तू कपाय वर कर." मी भुवया वर केल्या. डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवी बाजू सपाट. मग माझे दोन्ही हात वर करायला लावले, बोलायला लावलं. तिनं सुधाकरला समजावलं आणि त्यानं आम्हाला. मेंदूचा झटका असला तर कपाळाला आठ्या पडतात, इथं त्याही नाहीत, म्हणजे बहुतेक चेहऱ्याची शीर सुजली आहे, तरी आत्ताच वाशीमला जायचं.

वाशीमच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला मलम दिलं, रात्री डोळ्यावर पट्टी. बहुतेक लोक बरे होतात म्हणाले, कोणी लवकर, कोणी काही महिन्यांनी, तारीख सांगता येत नाही. मी म्हटलं, तारीख माझ्याकडं आहे, वरातीची. त्या दिवशी मला वाजवायचं आहे. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "काका, आधी घास बाहेर पडू नये एवढं पाहू."

परतीच्या वाटेवर मी ज्योत्स्नाला विचारलं, तू शिकलेली नर्स, तुला शीर माहीत आहे, मग आधी वाऱ्याचं नाव काहून घेतलं? ती आखातात शिकलेल्या हिंदीवर आली. "मुह से आया," म्हणाली. "मेरी मा बोलती थी."

घरी आल्यावर मी ट्रम्पेट तोंडाला लावला. डाव्या बाजूनं ओठ मिटले, उजव्या बाजूला फट राहिली. सगळी हवा त्या फटीतून निघून गेली. उजव्या गालाला बोटानं दाबून पाहिलं, ओठ चिमटीत धरून पाहिले. फस्स. बांधावर जाऊन पुन्हा पाहिलं, जसं काही जागा बदलल्यानं ओठ बदलणार होते. फस्स.

दुसऱ्या दिवसापासून ज्योत्स्ना रोज सकाळी माझ्यासमोर बसू लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं बोटांनी गाल चोळायचे, आरशात पाहून हळूहळू ओठ हलवायचे. मग पाण्याचा पेला आणि त्यात एक नळी. बुडबुडे काढायचे. आणि त्यासाठी शब्द कोणता, तर इहिप.

तेव्हा माझं डोकं सरकलं. ज्या वाऱ्यानं माझं तोंड वाकडं केलं त्यालाही हाच शब्द, आणि ते सरळ करायलाही हाच? मी सुधाकरला मध्ये बसवलं आणि तिची झडतीच घेतली. मेणबत्ती विझवतात त्याला काय म्हणता? इहिप. चूल पेटवतात त्याला? तेच. झाडं हलतात ती? तेच. दिवस पालटतात, काल मान देणारा आज ओळख देत नाही, त्याला? वाऱ्याचं इहिप बदललं म्हणतात. आमच्याकडंही वारं फिरलं म्हणतात, हे मी कबूल केलं. मग शेवटचा सवाल टाकला. तुमच्या गावच्या जत्रेत बँड असतो का? असतो म्हणाली, मोठा असतो. मग तो ट्रम्पेट घेऊन जो चालतो, तो काय करतो?

"इहिप," ती म्हणाली.

मी म्हटलं, आणि त्याला कोणी तसं म्हटलं तर त्याला राग येत नाही? माझ्या बापाची गोष्ट, आसेगावच्या काकाची गोष्ट, सगळं सुधाकरनं तिला सांगितलं. तिनं नीट ऐकलं. तिला ते समजलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "राग काहून? हवा तर त्याचीच हाय ना."

  ती चुकते आहे हे मला ठाम माहीत आहे. फक्त कुठं चुकते ते सापडत नाही.

त्या दिवसांत मला दुसरं काम नव्हतं. एक डोळा पट्टीखाली, चहा पिताना टॉवेल हनुवटीला. मी त्या शब्दाच्या मागं लागलो. ज्योत्स्नानं तिच्या बापाला फोनवर दाखवलं, माझ्याच वयाचा म्हातारा, उघडाबंब, झावळ्यांच्या सावलीत बसलेला. तिनं त्याला काहीतरी सांगितलं तर तो उठून गेला आणि बांबूची एक लांब नळी घेऊन आला. चुलीपुढं बसून त्यातून फुंकून दाखवलं. अहो, आमची फुंकणी. आमची लोखंडाची आणि त्याची बांबूची एवढाच फरक. त्या नळीचं नाव हिहिप म्हणे. माझ्या बायकोनं आतून आमची फुंकणी आणून त्याला दाखवली. दोघं एकमेकांना फुंकण्या दाखवून हसत बसले.

मला वाटलं, धागा सापडला. मी आमच्या गल्लीतल्या वानखडे गुरुजींकडं गेलो. म्हटलं, गुरुजी, हा शब्द इकडून तिकडं गेला की तिकडून इकडं आला? गुरुजी शांत माणूस. त्यांनी फोनवर शोधलं, वाचलं आणि म्हणाले, कुठूनच कुठं नाही. त्यांच्या भाषेचं घराणं निराळं, आपलं निराळं. मलेशियाकडं याच अर्थाला तिउप म्हणतात, दूरदूरच्या बेटांवर या शब्दाची भावंडं आहेत. ही सगळी माणसं होड्यांत बसून बेटांवर पांगली, त्याच्या आधीचा कुठला तरी एकच शब्द असावा. तो कोणी लिहून ठेवलेला नाही, हे पणतवंडं पाहून पणजोबाचं नाक कसं असेल ते सांगण्यासारखं आहे.

मी म्हटलं, कोणी ऐकलेला नाही तो शब्द तुम्ही मला सांगता, आणि दोघांच्या घरात फुंकणी आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं ते काही नाही? गुरुजी म्हणाले, मास्तर, चूल सगळ्याईच्या घरी असते. हे त्यांचं खरं होतं. तरी मी वाद सोडला नाही आणि रागारागानं घरी आलो.

घरी येताना मी तो शब्द स्वतःशीच म्हणत होतो. म्हणता म्हणता लक्षात आलं की मला तो म्हणता येत नाही. इहिफ, इहिफ असा निघत होता. ओठाला फट असल्यामुळं प होतच नव्हता. मी ओट्यावर बसलो आणि आपला शब्द म्हणून पाहिला. फू. तो येत होता, कारण त्यात शेवटी तोंड उघडंच राहतं. आपला शब्द हवा सोडून देतो. त्यांच्या शब्दात हि म्हणताना हवा येते आणि प म्हणताना ओठ मिटतात. ओठ मिटायचे आणि हवा आत धरायची. ट्रम्पेट तोंडाला लावताना मी जन्मभर तेच करत आलो.

याचा अर्थ काय ते मला विचारू नका. मी गुरुजींनाही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून नळीचे बुडबुडे मी मुकाट्यानं काढले आणि दिवसभर तोच शब्द म्हणत राहिलो. गोठ्यात, बांधावर, न्हाणीत. गावात बोलवा झाली की मास्तरचं तोंडच नाही, डोकंही फिरलं.

वरातीच्या दिवसापर्यंत प आला नाही. इहिब्फ, असा काहीतरी येत होता.

सुधाकर म्हणाला, बाबा, तुमी जीपमध्ये बसा आमच्यासंगं, किसनकाका वाजवतीन. मी लाल कोट घातला, टोपी चढवली आणि ट्रम्पेट घेऊन विहारासमोर जाऊन उभा राहिलो. किसननं माझ्याकडं पाहिलं.  मग माझ्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला. जन्मभर तो माझ्या डावीकडं उभा राहिला होता. आज बाजू बदलली ती माझा उजवा गाल लोकांना दिसू नये म्हणून.

मी इशारा केला आणि वरात निघाली. मागं उघड्या जीपमध्ये नवरानवरी, मध्ये माया, तिच्या डोक्यालाही फेटा. मी ट्रम्पेट ओठाला लावला आणि हवा सोडली. काही नाही. दुसरं कडवं, काही नाही. किसन दोघांचं वाजवत होता, ढोल दणदणत होता, पोट्टे नाचत होते. माझी बोटं खटक्यांवर बरोबर पडत होती, एकही चूक नाही. डावा गाल फुगत होता आणि कोपऱ्यातून लाळ कोटावर गळत होती. विहारापासून घरापर्यंत मी सगळी गाणी केली. काय केली, ते मला सांगता येत नाही. वाजवली म्हणू तर आवाज नव्हता. दुसरा शब्द मी तोंडातून काढणार नाही. एकदा मागं वळून पाहिलं तर ज्योत्स्ना माझ्याकडंच पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ढोलात ऐकू आलं नाही.

पंगतीत एक पाहुणे माझ्याजवळ येऊन बसले, जुने, मालेगावकडचे, ज्यांच्या घरी मी पूर्वी वाजवलेलं. म्हणाले, "मास्तर, आज असं वाजवलं ना तुमी, जीव थंड झाला." मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. थट्टा करतात की काय म्हणून निरखलं. थट्टा नव्हती. पलीकडं किसन मान खाली घालून भात कालवत होता. मी पाहुण्यांना म्हटलं, जिलेबी घ्या.

ती तिघं परत गेली. गोळ्या संपल्या, मी शब्द म्हणत राहिलो. उन्हाळा लागता लागता एका सकाळी चहा तोंडातच राहिला. मग डोळा मिटला. मग प आला, अगदी स्वच्छ, दार लावल्यासारखा. मी ट्रंकेतून ट्रम्पेट काढला, बांधावर गेलो आणि ओठाला लावला. वाजला. पहिला सूर कच्चा निघाला, दुसरा पक्का. शेजारच्या शेतातले बैल मान वर करून पाहू लागले.

रविवारी सुधाकरचा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, थांबा, बसा तिघं समोर. फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि वरातीतलं पहिलं गाणं धरलं. छाती भरून, मनासारखं. गल्लीतली माणसं दाराशी आली. फोनमधली तिघं मात्र नुसती पाहत होती, कानाजवळ हात नेत होती. ज्योत्स्नानं काहीतरी दाबून पाहिलं. पुढं मला कोणीतरी सांगितलं की फोनला माणसाचं बोलणं तेवढं कळतं, बाकी सगळा आवाज तो गोंगाट समजून पुसून टाकतो.

"बाबा," सुधाकर म्हणाला, "आवाज येऊन नाई राह्यला. नुसते गाल दिसून राह्यले."

मी ट्रम्पेट क्षणभर बाजूला केला. म्हटलं, दिसू दे. आणि पुढचं कडवं घेतलं.